राखेचा पट्टा

“घर मी बांधलं, आणि मागचं अंगण मेल्या सापांच्या नावावर,” शरदचंद्र पुटपुटले. चाळणीतून राख पाडताना ते नेहमी असेच कुरकुरत. कुणाला ऐकवायचं नाही असं दाखवत, पण कुंदाला बरोबर ऐकू जाईल इतपत.

“सातबाराही देऊन टाका त्यांना,” कुंदा दारातून म्हणाली. “आणि पायरीपाशी दाट पाडा. काल तिथं विरळ होती.”

बेलवलीतल्या या घराला तीन वर्षं झाली होती. एकोणनव्वद साल. मागे पंचवीस पावलांचं अंगण, त्याच्या टोकाला पत्र्याचं छप्पर असलेला संडास. घरात संडास नको, हा शरदचंद्रांचा हट्ट. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत ऑफिसर असले तरी या एका बाबतीत ते आपल्या आजोबांच्या वयाचे होते. गेल्या श्रावणात उमाला घोणस चावली, ती गेली, आणि पंधरा दिवसांत संडास घरात आला. म्हणजे येऊ शकत होता.

उमा ही शरदचंद्रांची धाकटी बहीण. सासरी दोन वर्षं काढून परत आलेली, मग बारा वर्षं भावाकडे. पोळ्या मोजून खायची, भांडी न मोजता घासायची. बाहेरून आली की हाक मारायचाही तिला संकोच. हातातलं पत्र्याचं टमरेल दारावर हलकेच तीनदा वाजवायची.

ती कशी गेली हे सगळ्यांना एकाच वाक्यात सांगितलं होतं: संडासातच चावला, हाक मारायलाही उसंत मिळाली नाही. कुंदाने ते इतक्यांदा सांगितलं होतं की आता ते सांगताना तिला डोळ्यांना पदर लावायची आठवण ठेवावी लागे.

आता लेक यायची होती. वृंदाला सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरी. अंगणात एक साप दिसता कामा नये, असं कुंदाने मनाशी घेतलं. गवत मुळासकट काढलं. लाकडं विटांवर रचली. उंदरांची बिळं काचा आणि सिमेंट घालून बुजवली. कंपनीतून आणलेलं कार्बोलिक अ‍ॅसिड कुंपणाच्या कडेने इतकं ओतलं की शेजारच्यांचा मोगरा वाळला. उल्हासनगर कॅम्प चारमधून बारीक जाळी आणून मोरीच्या तोंडाला आणि मागच्या दाराच्या फटीला ठोकली. “भाभी, इसमें से चींटी भी पूछके जायेगी,” सिंधी दुकानदार म्हणाला होता. आणि रोज संध्याकाळी राखेचा पट्टा, संडासापासून पायरीपर्यंत. सकाळी माग पाहायचा. कुठून आला, कुठे गेला.

पहिले आठ दिवस राख कोरी. नवव्या सकाळी माग उमटला.

संडासाच्या दारापासून निघालेला, हातभर रुंद, पायरीशी येऊन संपलेला. परत जाणारा माग नव्हता. शरदचंद्रांनी बॅटरी घेऊन घर उलटंपालटं केलं. दाराखालची जाळी जशीच्या तशी होती.

दुसऱ्या दिवशी तसाच. तिसऱ्या दिवशीही. येणारा, फक्त येणारा.

“अजगर असेल,” शरदचंद्र म्हणाले. त्यांचा स्वतःचाही विश्वास बसला नाही.

राख बनूबाई आणून द्यायची. ही जमीन तिच्याच घरची होती. आता ती त्या जमिनीवरच्या घरांना दूध घालायची आणि आपल्या चुलीची राख द्यायची. त्या सकाळी पाटी उतरवून ती पट्ट्यापाशी उकिडवी बसली.

“काय गं, धामण का?” कुंदाने विचारलं.

“साप असा सरल नाय येत गो बाय. साप वलत वलत जातं.” तिने मागावरून हवेतच बोट सरळ ओढत नेलं. “ह्ये वरत आनलंय. लुगरं वरत आनल्यावानी. आनि त्या बाजूला गोल कसलं?”

मागाच्या उजव्या बाजूला, हात हात अंतरावर, वाटोळ्या कडा उमटल्या होत्या. पत्र्याच्या बुडाच्या. टेकवायचं, थोडं सरकायचं, पुन्हा टेकवायचं.

कुंदाने चपलेनं पहिली कडा पुसली. “मांजर असेल.”

बनूबाईने तिच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. रिकामी पाटी उचलून ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी दूध आलं, राख आली नाही.

ते टमरेल तेराव्यानंतर कुंदाने स्वतःच्या हातानं भंगारवाल्याला दिलं होतं. बदल्यात दोन चमचे घेतले होते.

वृंदा आली ती पोट सावरत, हसत. “आई, अंगणाचं काय केलंस? गवताची काडी नाही.” आत्याच्या फोटोला तिने हार आणला होता. “निदान हाक तरी मारता आली असती बिचारीला,” ती म्हणाली. शरदचंद्रांनी चष्मा पुसायला घेतला.

घरचा एक नियम होता, कुंदाच्या आईपासूनचा. तिन्हीसांजेला दिवा लावायचा, पुढचं दार उघडायचं, मागचं लावायचं. नाहीतर पुढून आलेली लक्ष्मी मागून निघून जाते. रामरक्षा संपेपर्यंत मागची कडी काढायची नाही. गेल्या श्रावणापासून त्यात एक भर पडली होती: दिवा लावला की लगेच टीव्ही लावायचा, मोठ्यानं.

त्या संध्याकाळी कुंदाने दिवा लावला, मागची कडी घातली, टीव्ही सुरू केला. शरदचंद्र पेपर घेऊन खुर्चीत बसले. आणि बत्ती गेली.

टीव्हीचा ठिपका लहान होत विझला. समईपुरता उजेड उरला. कुंदाने रामरक्षा सुरू केली, जरा चढ्या आवाजात.

मागच्या दारावर वाजलं. पत्र्याचं, हलकेच. तीनदा.

कुंदाने आवाज वाढवला.

पुन्हा तीनदा.

“आई, मागे कुणीतरी आहे,” वृंदा म्हणाली.

“दिवा लागलाय.”

“अगं, पण वाजवतंय कुणीतरी. उघडू दे की.”

“संपू दे. पाच मिनिटांनी काही कुणी मरत नाही.”

गेल्या श्रावणातही हेच वाक्य. याच जागी बसून, याच श्लोकाशी थांबून. त्या दिवशी सकाळी उमाशी साखरेवरून वाजलं होतं, म्हणून पाचाची पंचवीस मिनिटं झाली होती. कुंदाच्या तोंडातला पुढचा श्लोक गेला.

वृंदा भिंतीला धरून उठली, दारापाशी गेली. कडीवर हात ठेवला आणि थबकली.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “हे वरून वाजत नाहीये.”

आवाज आता तळाशी होता, जाळीच्या जरा वर. आडवं पडलेल्या माणसाचा हात पोचेल तिथं.

एकदा.

मग बराच वेळ काही नाही. मग पत्रा फरशीवर टेकल्याचा आवाज.

शरदचंद्रांनी पेपर खाली ठेवला. घडीसुद्धा मोडली नव्हती.

“उघड, वृंदा,” ते म्हणाले. “तेव्हाही आम्हाला ऐकू आलं होतं.”