बारावं पाणमांजर

बेटावर जाण्यात माझा फायदाच फायदा होता. तीन आठवडे फुकट घर, दारात समुद्र, वर मावशीच्या हातचं जेवण. बदल्यात काम एकच. रोज दुपारी चार वाजता समोरच्या काळ्या खडकावरची पाणमांजरं मोजायची आणि वनखात्याच्या रजिस्टरात आकडा लिहायचा.

घडलं ते खरं आहे. पटत नसेल तर ते रजिस्टर खात्याच्या कपाटात अजून आहे. अक्षर माझं.

आणि रात्रीची वाट बघू नका. झालं ते गुरुवारी, भर दुपारी.

मावशी निवृत्त नर्स. ताईला, म्हणजे तिच्या मुलीला, सातवा महिना लागला होता. बाळाचा स्वेटर विणायला मावशीला शांतता हवी होती. ती व्हरांड्यात विणायची, मी दुर्बीण लावायचो. पाणमांजरं पाठीवर लोळत पंजांत खडे खेळवायची. टिक... टिक... इकडे सुयांचीही तीच टिकटिक.

सात दिवस रोज अकरा. ना एक कमी, ना एक जास्त.

मी गोदामात स्टोअरकीपर. साहेब तपासायला यायच्या आत रजिस्टर जुळवायचं, माल मागून येतोच, ही आमची रीत. आकडा वाढला तर खातं खूश, पुढच्या वर्षीही घर आपलंच.

आठव्या दिवशी मी बारा लिहिलं.

मावशीनं चष्म्यावरून पाहिलं. "गोदामशेठ, मला तर अकराच दिसली."

"तुझं लक्ष सुयांत होतं."

"लबाडा! लहानपणी बिस्किटं अशीच मोजायचास."

शुक्रवारी लाँचवाला सामान घेऊन आला. रजिस्टर पाहून त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, खोडा ते. इथं नसलेलं लिहायचं नसतं."

"रजिस्टरात खाडाखोड चालत नाही," मी रुबाबात म्हणालो.

चहासुद्धा न घेता तो गेला.

त्याच संध्याकाळी मावशी म्हणाली, "एक टाका कमी भरतोय रे."

अठ्ठेचाळीस टाक्यांची ओळ. भरले सत्तेचाळीस. सुटलेला टाका कुठेच नाही... भोकसुद्धा नाही.

शनिवारी सेहेचाळीस.

रविवारी पंचेचाळीस.

मावशीची थट्टा बंद झाली. ताट तसंच राहायचं. बोटं सारखी ओली... कितीही पुसली तरी.

मंगळवारी ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी होती. आणि बाहेर व्हरांड्यात...

टिक... टिक...

"मला कुणीतरी मोजतंय," ती म्हणाली.

मी धावत जाऊन त्या बारावर रेघ मारली. सकाळी पाहिलं तर... रेघ नव्हती.

"परवा लाँच येईल. पहिल्या फेरीला निघू," मी म्हणालो.

"बाळाचा गळा तेवढा राहिलाय," मावशी म्हणाली. पण बघत होती खडकाकडे.

गुरुवार. चारला दहा कमी. मी चहा ठेवायला आत गेलो. सुयांचा आवाज येत होता, म्हणून निर्धास्त होतो.

दोन कप घेऊन बाहेर आलो.

खुर्ची रिकामी.

स्वेटर खुर्चीत, सुया त्यात खोचलेल्या... आवाज मात्र चालूच.

लोकरीचा धागा पायऱ्या उतरून, वाळूवरून थेट पाण्यात गेला होता. ताणलेला.

वाळूवर पाऊल एकही नव्हतं.

मला मोजायचं नव्हतं. पण सवय वाईट. डोळ्यांनी मोजलंच.

बारा.

कडेचं एक लोळत नव्हतं... बसलं होतं. तोंड घराकडे. त्याच्या पंजांत खडा नव्हता, तरी पंजे एकावर एक फिरत होते. सुलट... उलट... सुलट... उलट...

"मावशी!"

पंजे थांबले. क्षणभरच. मग ते पाण्यात उतरलं आणि धागा ढिला पडला.

पोलिसांनी बुडाल्याची नोंद केली. प्रेत मिळालं नाही. खात्यानं मात्र अभिनंदनाचं पत्र पाठवलं. बेटावर पाणमांजरं वाढली म्हणून पुढच्या वर्षीही घर देऊ केलं.

ताईला मुलगी झाली. आईची शेवटची वस्तू म्हणून ती स्वेटर मागते. मी देत नाही. मी आणला तेव्हा सुईवर एक्केचाळीस टाके होते. काल कपाट उघडून मोजले...

एकोणीस.

संपले की पुढे काय, मला माहीत नाही. विचारणार कुणाला?

घर मला मिळालं. वाढीव आकडा खात्याला मिळाला. मालही मागून आलाच.

बारावं मी लिहिलं... भरून दिलं मावशीनं.