ब्रशाची खुंटी

भरमूच्या गळ्यात पहिला हार मी घातला तो रबरी पाइपाचा... आणि तोही चुकून.

उद्यमबागेतल्या आमच्या कारखान्यात फाउंड्रीसाठी लाकडाचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, बनत. मी स्टोअर सांभाळायची. चौऱ्याऐंशी सालच्या श्रावणात मालक भावकूअण्णांनी धूळ ओढायचं एक जुनं मशीन आणलं. त्याचा लांबलचक काळा पाइप कुणीतरी कपाटावर फेकला होता. मी स्टुलावर चढून तो ओढला, आणि खाली आला तो नेमका दारातून आत येणाऱ्या माणसाच्या गळ्यात.

माणूस हलला नाही. नुसते डोळे वर करून म्हणाला, "आमच्या सांबऱ्यात हार घालायच्या आधी नाव इचारत्यात."

"मग सांगा की."

"भरमू. नवा मिस्त्री. आणि तुमी?"

"जया. पाइप द्या इकडं."

हसू लपवायला मी कपाटाकडे तोंड केलं. मागून त्याचा खोकला ऐकू आला, कोरडा, लांबलेला.

तो खोकला पुढे माझ्या ओळखीचा झाला. डॉक्टरांनी भरमूला धुळीतलं काम सोडायला सांगितलं होतं, घरी थोरला भाऊ शेतावर बोलवत होता. त्याचा जीव मात्र लाकडात. मशीन चाललं तर तो राहणार, नाहीतर सांबऱ्याला परत. आणि मशीन चालायचंच नाही. कधी पाइप दुमडलेला, कधी पुढे लावायची तोंडं हरवलेली. मग मंडळी कंटाळून केरसुणी घेत आणि धुळीचा लोट उठे. शेवटी भावकूअण्णा म्हणाले, "खंडेनवमीला बघतो. पुजेला सगळं जागच्या जागी असलं तर ऱ्हाईल मशीन, न्हाय तर इकून टाकतो."

का कुणास ठाऊक, मी ते फारच मनावर घेतलं.

मी शहापूरची, विणकराच्या घरातली. सूत गुंडाळायचं तर घट्ट, ढिलं राहिलं की आप्पा रागावणार. त्याच सवयीनं मी पाइप खुंटीवर ताणून गच्च गुंडाळला. सकाळी बघते तर जागोजागी चपटा झालेला. मशीन नुसतं घुमत राहिलं, धूळ होती तिथंच. त्या दिवशी भरमू इतका खोकला की त्याला बाहेर जाऊन बसावं लागलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"माझं चुकलं. सुतासारखं गुंडाळलं मी..."

"सुताला श्वास घ्यायचा नसतोय," दम लागला होता तरी तो हसला. "ह्याला घ्यायचा असतोय. आणि मलाबी."

घरी माळ्यावर सूत गुंडाळायच्या जुन्या रहाटाचं मोठं चाक पडलं होतं. ते मागितलं तर आप्पा म्हणाले, "पाइपासाठी पायजे, का पाइपवाल्यासाठी?" चाक मात्र मिळालं.

ते भिंतीवर लावून त्यावर पाइप सैल, गोल टांगला. खाली प्रत्येक तोंडाला एक खुंटी, आणि ओळखायला रंगीत दोरा : चपट्याला हिरवा, गोलाला पिवळा, ब्रशाला लाल. मशीन चालू लागलं. भरमूचा खोकलाही उतरला.

पण एक कोडं सुटेना. दर शनिवारी संध्याकाळी लाल खुंटी रिकामी व्हायची, आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत ब्रश आपोआप परत. सोमवारी मी बाकाबाकावर विचारत फिरायची, आणि शेवटी भरमूच्या बाकाशी थांबायची.

"ब्रश बघितला का?"

"न्हाय बा. हुडकूया की. बसा आधी, च्या सांगतो."

चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. ब्रश शोधायचं राहूनच जायचं.

खंडेनवमीला सगळ्यांनी हत्यारं धुऊन, हळदकुंकू लावून मांडली. लाल खुंटी रिकामी होती. आणि भरमूचाही पत्ता नव्हता. भावकूअण्णा नारळ आणायला आत गेले, तशी मी बाकांखाली ब्रश शोधू लागले.

तेवढ्यात भरमू सायकल टाकून धावत आला. डब्याच्या पिशवीतून त्यानं ब्रश काढला.

"म्हंजे... तुमी नेत होता?"

"व्हय."

"का पण?"

तो लाल दोऱ्याकडं बघत राहिला. "ह्यो जाग्यावर असला की तुमी माझ्या बाकाकडं येत न्हाय."

मला हसू यायला हवं होतं, आला राग. "आज मशीन गेलं असतं. तुमीबी गेला असता. मग मी काय करायचं होतं?"

बोलून गेले... आणि ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला.

तो हळू आवाजात म्हणाला, "पुजेआधीच लावणार होतो, पण दादाला सांगून आलो, म्हणून येळ झाला. शेत तू बघ म्हटलं, मी हितंच ऱ्हाणार. मशीन चालतंय, आणि... तू हाईस."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला. मला ते लई आवडलं.

ब्रश खुंटीवर गेला. भावकूअण्णांनी भिंत वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "ऱ्हाऊ दे मशीन," म्हणाले आणि झेंडूचा हार माझ्या हातात दिला.

चाकाशेजारी भरमू मान खाली करून उभा. "नाव तर आता ठाव हाय," तो पुटपुटला.

मी हार पाइपाला घातला. "ह्यो मशीनचा. तुमचा शहापुरात, आप्पांना इचारून."

दसऱ्यानंतर कारखाना उघडला तेव्हा ब्रश लाल खुंटीवर जागच्या जागी होता. मी तरीही विचारायला गेले.