जाळीचा मूळ नकाशा

सरकारी कचेरीचा दप्तरखाना सांभाळणाऱ्या बाई चप्पल न काढताच ताईंच्या घरात शिरल्या.

"ताई, चारला समिती येतेय आणि इमारतीचा मूळ नकाशा गायब! दर्शनी काँक्रीटची जाळी पहिल्यापासूनची आहे, हे त्यावरच दिसतं. तो नसेल तर इमारत पाडणार, आणि ठपका माझ्यावर."

खासगी गुप्तहेर असलेल्या ताईंनी चहा संपवला. त्यांच्या धाकट्या भावानं बिस्किटं संपवली. तिघं निघाली.

कचेरी भर उन्हातही गार होती. जाळीतून ऊन चाळून आत येत होतं.

"काल नकाशा सपाट व्हावा म्हणून टेबलावर पसरला. मोठ्या साहेबांनी बोलावलं. परत येते तर टेबल रिकामं." बाईंनी वेळा लिहून दिल्या, त्याही जुन्या परिपत्रकाच्या पाठीवर. कोऱ्या कागदाची मागणी तीन वर्षं मंजुरीच्या वाटेवर होती.

इंजिनियरसाहेब काखेत याच जागी उभारायच्या नव्या काचेच्या मनोऱ्याच्या नकाशाचं भेंडोळं घेऊन उभे होते. "मी कशाला चोरू? काल दिवसभर बाहेरगावी होतो."

"चोर हाच!" भाऊ कुजबुजला. "मिशाच सांगतात."

"मिशा तुलाही आहेत."

शिपाईकाका कपाट पुसत होते. तीस वर्षं जाळीतली कबुतरं हाकलणारा माणूस. "मीही सकाळपासून शोधतोय, ताई. निळा कागद कुठंच नाही. पण समितीसाठी कपाट बघा कसं लखलखीत केलंय!"

कप्प्यात कोरा पांढरा जाड कागद अंथरलेला, वर रजिस्टरांची चळत.

ताई गालात हसल्या. "येऊ द्या समितीला."

चारला सगळे जमले.

"चोरी झालेलीच नाही," ताई म्हणाल्या. "काका, नकाशा निळा असं कुणी सांगितलं?"

"नकाशे निळेच असतात की!"

"प्रती निळ्या. मूळ नकाशा पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईनं. आता सांगा, तीन वर्षं कोरा कागद न मिळालेल्या कचेरीत कप्प्यापुरता कोरा कागद आला कुठून? तुमच्याकडे एका बाजूनं भरलेला कागद म्हणजे अर्धा कोरा. काकांना तो टेबलावर दिसला, त्यांनी उलटा करून अंथरला."

रजिस्टरं उतरली. कागद उलटला. जाळी समोर होती, रेघ न रेघ शाबूत. शिवाय बाईंना हवा होता तसा सपाट.

अध्यक्षांनी तिथंच जतनाचा शेरा मारला. बाई रडत रडत हसल्या.

काका ओशाळून रिकाम्या कप्प्याकडे बघत राहिले. "चुकलंच माझं. पण आता इथं काय अंथरू?"

ताईंनी इंजिनियरसाहेबांच्या काखेतलं भेंडोळं अलगद काढून घेतलं.

"हे घ्या. पाठ कोरी आहे."