रिंगणाबाहेरचा टीव्ही

फू आजीच्या घरात जेवणं आटोपली की सिरियल लागायची, आणि ती चालू असताना बोलायचं ते फक्त आजीनं. सून शाओछिन पायाशी स्टुलावर बसून बडीशेप घालून उकडलेल्या पावट्यांची वाटी धरायची. चीनमधल्या शाओशिंग गावाच्या त्या कालव्याकाठच्या गल्लीत घराघरांत तीच सिरियल. बायका म्हणत, मन मोडलेल्या मुलीचं इतकं खरं चित्र आजवर कुणी दाखवलं नव्हतं, आणि तिच्यावर इतक्या धीरानं प्रेम करणारा पुरुषही नाही.

"खरं म्हणे," आजी पावटा चघळत म्हणाली. "किल्ली वाजली की ही दचकते. आणि तो बावळट दाराबाहेर बसून विचारतो, आत येऊ का. आमच्या वेळी असलं दुखणं दोन थपडांत बरं व्हायचं."

"लहानपणी तिला कोंडून ठेवलेलं असतं हो, आई."

"म्हणजे घराला वळण होतं."

शाओछिनची नजर जिन्याकडे गेली. वर तिची मुलगी निंगयाओ कोंडलेली होती. पार्सलं पोचवणाऱ्या एका पोराशी लग्न करणार म्हणाली, तशी आजीनं तिचा मोबाइल काढून घेतला आणि माळ्यावरच्या खोलीला बाहेरून कडी घातली. निंगबो शहरात नोकरीवर असलेल्या आपल्या मुलाला, निंगयाओच्या बापाला, फोन करून सांगितलंही. तो "बरं" म्हणाला.

ती कडी आजीच्या हाताला नवी नव्हती. सून घरात यायच्या कितीतरी आधी तिथं आजीची थोरली लेक सूयुन कोंडलेली होती, एका होडीवाल्यापायी. सूयुननं अन्न सोडलं. आजीनं कडी सोडली नाही. बिनलग्नाची मेलेली लेक माहेरच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात बसत नाही. म्हणून तिथं तिच्या नावाची पाटी नाही, मेलेल्यांना पोचवायला जाळतात तो कागद तिच्या नावानं कधी जाळला नाही. पुढं घरात कुणी नावही काढलं नाही. शाओछिनला वाटे, आपला नवरा एकुलता एक.

आदल्या दिवशी थडगी झाडायचा सण होता. टेकडीवर आजीनं आपल्या नवऱ्याच्या थडग्यापुढं खडूनं रिंगण आखलं. रिंगणात जळतं ते आपल्या माणसाला पोचतं. बाहेर पडतं ते ज्यांचं कुणी नाही अशा भटक्या मेलेल्यांना. कागदी नाणी जळली, कागदी कोट जळला. कागदी टीव्ही पेटला आणि वाऱ्यानं गडगडत बाहेर गेला.

"आई, आत ओढू का?" शाओछिननं काठी उचलली होती.

"राहू दे. होऊ दे एखाद्या भिकारणीची करमणूक."

आज पडद्यावरची मुलगी खिडकीशी बसली होती. ती पावट्याचं साल दातांनी काढायची आणि सालं खिडकीच्या कडेला ओळीनं लावायची. आजीचं चघळणं थांबलं. असं सूयुन करायची.

मग दाराबाहेरून मुलीची आई बोलली. "उपाशी मर. पण या घरातून त्या होडीवाल्याकडे जायची नाहीस."

शब्द आजीचेच होते. तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. ते तिनं आणि सूयुननं, दोघींनीच ऐकले होते.

"कोण ही बाई?" आजीनं विचारलं. "तिची आई कधी आली?"

"आई?" सुनेनं डोळे पुसले. "तिची आई तर पहिल्याच भागात गेली. आत्ता लग्न लागतंय की त्यांचं. बघा ना, किती हळू हात धरलाय त्यानं."

आजीनं पाहिलं. पडद्यावर लग्न नव्हतं, तीच खिडकीची खोली होती. मुलगी मान वळवून सरळ तिच्याकडे बघत होती. गालांची हाडं वर आलेली.

"बंद कर ते."

शाओछिननं बटण दाबलं. पडदा काळा झाला.

सिरियलचं गाणं चालूच राहिलं. वरून येत होतं.

आजी कठडा धरून जिना चढली. माळ्यावर जळक्या कागदाचा वास होता. दाराच्या फटीखाली निळा उजेड हलत होता. आत टीव्ही नव्हता. दिवासुद्धा आजीनं काढून घेतला होता.

"निंगयाओ."

आत कुणीतरी पावट्याचं साल थुंकलं.

"निंगयाओ, ये बाहेर. तुझ्या त्या पोराचं काय ते उद्या बघू." इतकं नमून आजी जन्मात कुणाशी बोलली नव्हती.

"आता नको गं, आजी," नात म्हणाली. आवाज मजेत होता. "आत्या म्हणते, भाग संपू दे. शेवटी ती आई दार उघडायला येते म्हणे."

आजीनं कडी काढली. दार ढकललं, मग खांदा लावला. दार हललं नाही.

आतून कडी घातलेली होती.

आतली कडी आजीनं सूयुनच्या वेळीच उपटून कालव्यात टाकली होती.