संपाच्या दिवशीचा प्रवासी

साडेअकरा वाजले तसं मी बसचं इंजिन बंद केलं आणि आरशात पाहिलं. सगळे उतरले होते... एक जण सोडून.

काळा सूट, लांब मान, मांडीवर एक छोटी पेटी. ती त्याने अशी धरली होती, जणू कुणी हिसकावून नेणार होतं.

"अहो, संप सुरू झाला. उतरा," मी म्हणाले.

"पण मला वर जायचंय."

"जेनोवात सगळ्यांनाच वर जायचं असतं. ही बस मात्र आता इथून हलायची नाही."

"कधीपर्यंत?"

"साडेतीन."

त्याचा चेहरा पडला. खिडकीतून बंदरातलं ते भलंमोठं पांढरं जहाज दिसत होतं, त्याच्याकडे बघत तो म्हणाला, "मला तीनला त्या जहाजावर हजर व्हायचंय."

"मग खालीच थांबा की! जहाज समुद्रात असतं, डोंगरावर नाही."

तो हसला. हसायच्या मनःस्थितीत नसलेला माणूस नकळत हसतो ना, तसा. तिथेच मी थोडीशी विरघळले.

त्याने पेटी उघडली. आत निळ्या मखमलीवर क्लॅरिनेट होती. काल रेल्वेत कुणाची तरी बॅग तिच्यावर पडली आणि बोटांखालची एक चावी वाकली. पेटीतल्या चिठ्ठीवर पत्ता होता : आन्सेल्मो गाज्जेरो, वाद्यदुरुस्ती. पार वर, टेकडीच्या कडेला.

"आज संध्याकाळी जहाजावर माझा पहिला कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "वाजवता आलं नाही तर माझ्या जागी दुसरा माणूस तयार आहे. तसं त्यांनी मला सांगूनच ठेवलंय."

संप आमच्या युनियनचा होता. मी स्वतः हात वर करून मत दिलं होतं आणि त्याचा मला पश्चात्ताप नव्हता. पण आपण ज्याचा दिवस अडवला तो समोर बसून असा बघायला लागला, की काय करायचं?

मी बसच्या चाव्या खिशात टाकल्या. "चला."

"कुठे?"

"वर. माझी बस संपावर आहे, माझे पाय नाहीत. मी निवेस."

"एलिओ. फेरारात राहतो."

"अरे देवा! सपाट गाव."

दोन भिंतींच्या मधून वर जाणारी आमची वाट म्हणजे मधोमध विटांची पट्टी, दोन्हीकडे गोटे आणि पायऱ्या... पायऱ्या... पायऱ्या. भिंतींवरून जाईचा वास खाली ओघळत होता. शंभराव्या पायरीला एलिओने कोट काढला, दोनशेव्याला टाय.

"तुमच्याकडे... सरळ रस्ता... नसतोच का?"

"असतो. पण तो समुद्रात जातो."

"क्लॅरिनेटवाल्याचा दम मोठा असतो म्हणे," तो भिंतीला टेकून म्हणाला. "साफ खोटं आहे."

अर्ध्या वाटेवरच्या बारमध्ये मी त्याला बसवलं. दोन कापुचिनो, दोन तुकडे फोकाच्याचे, म्हणजे आमच्या चपट्या खारट पावाचे. मी माझा तुकडा, तेलामिठासकट, कॉफीत बुडवला.

त्याने डोळे मिटून घेतले. "हे मी पाहिलेलं नाही."

"खाऊन बघा."

"मीठ? कॉफीत?"

"फेरारात तुम्ही घाबरत घाबरतच जगता का हो?"

त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं, आपला तुकडा माझ्याच कपात बुडवला आणि खाल्ला. मग पुन्हा बुडवला. त्याच्या ओठाला फेस लागला होता. मी सांगितलं नाही... बरा दिसत होता.

तिथेच तो बोलायला लागला. त्याचा वाद्यवृंद दोन वर्षांपूर्वी बंद पडला. मग शिकवण्या, लग्नकार्यांतलं वाजवणं, आणि आता हा सात महिन्यांचा करार. "यातही जमलं नाही तर काकांच्या फरशीच्या दुकानात बसेन."

"माझंही दोन वर्षांपूर्वीच लग्न मोडलं," मी म्हणाले. "त्याला बस चालवणारी बायको नको होती."

एलिओने जराही विचार केला नाही. "मग जाऊ दे त्याला चालत!"

मी इतक्या जोरात हसले की बारवाली वळून बघायला लागली.

आन्सेल्मो गाज्जेरो ऐंशीच्या पुढचे. त्यांनी क्लॅरिनेट आजारी मांजर घ्यावं तशी हातात घेतली आणि चष्म्यावरून आम्हाला न्याहाळलं.

"ही कोण?"

"बस चालवतात," एलिओ म्हणाला.

"बस कुठाय?"

"बंद आहे. संप."

"आणि ही?"

"ही चालू आहे." बोलला आणि त्याने जीभच चावली.

म्हातारबुवांना हसता हसता खोकला लागला. "दीड तास लागेल. गच्चीवर बसा. भांडायचं असेल तर हळू भांडा."

आम्ही भांडलो नाही. खाली सगळं शहर, स्लेट दगडाची करडी छपरं, वाळत घातलेल्या चादरी, आणि टोकाला ते जहाज. मी त्याला आमच्या वळणांबद्दल सांगितलं, बारा मीटरची बस दोन्हीकडे वीतभरच जागा असताना कशी काढायची ते. त्याने विचारलं, "भीती नाही वाटत?" मी म्हटलं, "वाटते. पण पाय ब्रेकवर ठेवून कोण पुढे गेलंय?" मग हळूच म्हणाला, "तुमच्या शेजारी बसलं की मला काहीतरी जमेल असं वाटतं."

मी उगाच खालच्या चादरी मोजायला लागले. असलं काही मी सहसा करत नाही.

सव्वादोनला क्लॅरिनेट आली. तपासायला दोन सूर पुरले असते. एलिओ वाजवतच राहिला. आधी डोळे मिटून, मग उघडून... माझ्याकडे बघून. शेजारच्या खिडकीत चादर झटकणारी बाई हात तसेच वर धरून थांबली. चढून चढून घामेजलेला, टाय नसलेला तो माणूस एकदम उंच वाटायला लागला.

"पोरी," आन्सेल्मो माझ्या कानाशी म्हणाले, "अडीच वाजले."

मग आम्ही जे सुटलो! तो पेटी छातीशी धरून, मी त्याची बाही धरून.

"डावीकडे! अरे, डावीकडे वळ ना! तुला डावं-उजवं कळत नाही का?"

तो भर उतारावर थांबला. "काय म्हणालीस?"

"धावताना 'तुम्ही' म्हणायला दम पुरत नाही. पळ!"

जहाजाच्या फाटकाशी पोचलो तेव्हा सहा मिनिटं उरली होती. चाकांच्या बॅगा ओढणाऱ्या गर्दीत आम्ही दोघं धापा टाकत उभे.

"निवेस..." तो म्हणाला. "सात महिने..."

"जहाज जातं कुठे?"

"मार्सेय, बार्सिलोना, पाल्मा, पालेर्मो, नेपल्स..."

"आज शनिवार. पुढच्या शनिवारी कुठे?"

तो घुटमळला. "शनिवारी... इथे. दर शनिवारी, पाच वाजेपर्यंत."

"मग हा रडका चेहरा कशाला?"

"मला वाटलं तू म्हणशील, आठवड्यातला एक दिवस म्हणजे काय!"

"माझ्या वहिनीला माझा भाऊ वर्षातून दोनदा दिसतो. मालवाहू जहाजावर आहे. या गावात आठवड्यातून एकदा म्हणजे चैन झाली." मी त्याचा टाय त्याच्या खिशातून काढला आणि गळ्यात बांधायला घेतला, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. "ऐक. सहा वर्षं बस चालवतेय. अडलेले प्रवासी रोज भेटतात. कुणासाठी मी एक पायरीसुद्धा चढले नाही. तू मला आवडलास. झालं सांगून. आता जा."

त्याने तोंड उघडलं. मग वाकून त्याने माझ्या गालावर ओठ टेकले, अगदी ओठांच्या कडेशी, आणि फाटकावरचा शिपाई ओरडला, "वादक साहेब, दोनच मिनिटं!"

पुढच्या शनिवारी मी रजा टाकली. सकाळी नऊपासून फाटकाशी उभी. प्रवासी उतरले, बॅगा उतरल्या, स्वयंपाकी उतरले. साडेनऊ. दहा. एवढी तोऱ्यात बोलणारी मी, फाटकाशी येरझाऱ्या घालायला लागले. सहा दिवसांत पाच बंदरं... आणि प्रत्येक बंदरात कुणी ना कुणी असणारच की.

साडेदहाला तो पळत आला. उन्हाने लाल झालेलं नाक, शर्टाचं बटण चुकलेलं.

"आगीची कवायत होती! सगळ्यांना डेकवर उभं केलं. मला वाटलं, तू गेली असशील."

"जाणारच होते," मी खोटं बोलले.

"थांब. मला आधी बोलू दे, नाहीतर पुन्हा राहील." त्याने खोल श्वास घेतला, मोठ्या सुराआधी घेतात तसा. "त्या दिवशी फाटकाशी जे सांगता आलं नाही, ते मी मार्सेयपासून रोज घोकतोय. माझं तुझ्यावर प्रेम आहे, निवेस. सात महिन्यांपुरतं नाही. करार संपला की मी इथेच उतरणार. आन्सेल्मोंना काल फोन केला, त्यांना हाताखाली माणूस हवाय. तुला चालणार असेल तर..."

"एवढंच?"

"एवढंच."

मी त्याचं चुकलेलं बटण सोडलं आणि नीट लावलं.

"चल, आई जेवायला थांबलीय."

"आईला... काय सांगितलंयस?"

"दर शनिवारी एक ताट जास्त लागेल म्हणून."