ज्याचा त्याचा पेला

"तोंड उघडा," भानुमती म्हणाली, आणि समोरच्या मुलानं खरंच आ वासला. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर कुदळ... थर्मामीटर जिभेखाली गेला तरी हसू आवरेना.

मिनिट संपताच तो म्हणाला, "पहिल्या भेटीतच तोंड बंद केलं व्हय माझं! पुढं कसं व्हायचं?"

"पुढं... रोज सकाळी असंच," ती म्हणाली. आकडा लिहिताना तिचेच कान तापले.

सत्तावन्नचा जुलै होता. हर्सूलच्या तलावाकाठी कॉलेजच्या मुलामुलींचं झाडं लावायचं शिबिर भरलं होतं. शहरात फ्ल्यूनं घरोघर माणसं आडवी केलेली. म्हणून शिबिरप्रमुखांनी डॉक्टर दत्तोपंतांच्या या लेकीवर काम सोपवलं: रोज सगळ्यांचा ताप बघायचा, शंभर भरला की घरी धाडायचं, आणि ज्याचा त्याचा पेला वेगळा. हसणारा मुलगा होता बन्सी, हर्सूलच्याच शेतकऱ्याचा. आई गेल्यावर त्याला वाढवलं दगडाबाई आत्यानं, आणि तीच शिबिराच्या भाकऱ्या थापायला आली होती.

बन्सी खड्डे खणायचा, भानुमती रोपं द्यायची. रोप घेताना बोटांना बोट लागायचं. दोघंही भलतीकडं बघायची. चौथ्या दिवशी 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"ह्या लिंबाला तुझं नाव ठिवलंय."

"कडू झाड बरं सापडलं माझ्यासाठी!"

"सावली लई गार असती त्याची..."

पेल्याचा नियम मात्र पोरांच्या गळी उतरेना. दर शिबिरात सगळे एका माठातलं पाणी एकाच पेल्यानं प्यायचे, जातपात मोडल्याची ती खूण होती. यंदा ते बंद! 'बामणाची पोरगी सोवळं पाळते, नाव फ्ल्यूचं,' अशी कुजबुज सुरू झाली. भानुमतीच्या जिव्हारी लागली ती.

सातव्या सकाळी बन्सीचा पारा शंभरावर गेला. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"घरी धाडू नको, भानू. पाचच दिवस राहिले..."

आणि शहाण्या डॉक्टरच्या शहाण्या लेकीनं नव्याण्णव लिहिलं. प्रेमात माणूस किती मूर्ख होतं, ते असं.

दुपारी पंगतीत कुणीतरी पुन्हा सोवळ्याचा टोमणा मारला. बन्सीनं आपल्या पेल्यातलं अर्धं पाणी पिऊन पेला तिच्यापुढं धरला. "माझ्या उष्ट्यातलं पिशील? का फ्ल्यू आडवा येतो?"

तो हसत होता, पण नजर हसत नव्हती. ताप तिला ठाऊक होता, त्यालाही. पण नाही म्हटलं तर तो काय समजेल... तिनं पेला घेतला आणि गटागटा रिकामा केला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग तोच पेला माठात बुडवून सगळे प्याले. शेवटी पिठाचे हात पुसत दगडाबाई पुढं आली. "आण गं बाई, मला बी दे. अशीच सून पायजे मला!" भानुमती लाजून खाली बघत राहिली. तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा क्षण होता.

तिसऱ्या दिवशी अकरा पोरं अंथरुणाला खिळली आणि शिबिर मोडलं. भानुमती आठवडाभर तापानं फणफणत होती. तापातच तिनं वडिलांना सगळं सांगून टाकलं. दत्तोपंतांनी दोन दिवस विचार केला. मग म्हणाले, "मुलाला घरी बोलाव."

उठून बसता येताच ती टांगा करून हर्सूलला निघाली. वाटभर तेच शब्द घोळवत होती.

बन्सी ओसरीवर बसला होता. त्याचं डोकं भादरलेलं होतं.

"आत्या गेली," तो म्हणाला. "ताप छातीत उतरला. चौथ्या दिवशी."

भानुमती पायरीवरच थांबली. "बन्सी... बाबा हो म्हणालेत रे."

त्यानं नकारार्थी मान हलवली. "तुमची चूक नाय. पेला मीच धरला व्हता."

"तुमची? मला तुम्ही का म्हणतोस?"

"तुमच्याकडं बघितलं की आत्या पेला मागताना दिसती. हसत मागती. काय करू?"

"काही दिवसांनी नाही दिसणार..."

"मला बी तसंच वाटलं व्हतं. आत्ता टांग्यातून उतरलात, तवा पयली तीच दिसली."

"पाणी देतोस?"

तो आतून तांब्या घेऊन आला. पेला नव्हता.

"ओंजळ करा. पेला नाय लावू देत आता कुणाला. तुमीच शिकवलंय."

तिनं ओंजळ पुढं केली. तो वरून, हात लांब ठेवून धार धरत राहिला. पाणी बोटांच्या फटींतून तिच्या पदरावर सांडत होतं. ती त्याच्याकडं बघत होती. तो फक्त धारेकडं.

"पुरं?" त्यानं विचारलं.

"पुरे," ती म्हणाली, आणि ओले हात तसेच घेऊन टांग्याकडं वळली.