पंधराशे ओहम

खरं मानायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. पण मीटर माझ्या हातात होता आणि त्यावरचा आकडा मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

जागा, नागपूरचं बेसा. माझ्या धाकट्या भावाचं, रजतचं घर. नवतपा सुरू होता, उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस. भर दुपार. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

रजत दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवतो. घरीच ट्यूशन. विजेचा धडा त्याचा सगळ्यात आवडता.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्याचे सासरे, रुपराव काका, त्याच घरात वारले. सावनेरहून लेकीकडे राहायला आले होते. आंघोळ करून ओल्या अंगाने बाहेर आले आणि कूलरपाशी कोसळले. सगळे म्हणाले, ऊन लागलं. सकाळी उन्हात फिरून आले होते, वयही झालं होतं. कोणाला काही शंका आली नाही.

तेरवी झाली आणि रजतने कूलर भंगारात देऊन टाकला.

त्या दुपारी त्याचा फोन आला.

"ताई, आत्ताच्या आत्ता ये."

आवाज त्याचा वाटतच नव्हता. मी इतवारीहून तोंडाला दुपट्टा गुंडाळून स्कूटीवर निघाले.

घरात पंखे बंद. भट्टीसारखं गरम.

"लाइन गेली का?"

"नाही. मेनस्विच मीच पाडला."

"काहून?"

"ऐक."

मी ऐकलं...

टप... टप... टप...

कूलरच्या वाळ्याच्या ताटीवरून पाणी गळतं, तसा आवाज. आणि वासही आला. ओल्या वाळ्याचा.

खिडकीखालची कूलरची जागा रिकामी होती. फरशी कोरडी.

तिथला स्विचबोर्ड त्याने उघडून ठेवला होता. एका वायरीभोवती चिमट्यासारखा मीटर लावलेला. वायरीतून किती अँपिअर करंट वाहतो ते तो दाखवतो.

०.१५.

"मेन बंद आहे, ताई. बोर्डावर व्होल्ट शून्य. व्होल्ट नाही तर करंट वाहूच शकत नाही. हेच तर शिकवतो मी पोरांले."

"मीटर बिघडला असंल."

त्याने तो दुसऱ्या वायरीला लावला. शून्य. मग माझ्या हातात दिला. मी स्वतः पहिल्या वायरीला लावला.

०.१५.

"लाइन चालू असती तर दोनशे तीस व्होल्ट. त्याले पॉइंट पंधराने भाग."

मी मोबाइलवर भागलं. पंधराशे तेहतीस.

"हे ओहम. म्हणजे रेझिस्टन्स. आता भागू नको, तेच दोन आकडे गुण."

साडेचौतीस.

"एवढे वॅट. कूलर याच्या कितीतरी पट खाते. साधा पंखाही जास्त खाते. मग इथं लागलं काय आहे?"

मी कूलरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"माणूस, ताई... ओल्या माणसाच्या अंगाचा रेझिस्टन्स एवढाच असतो."

मग तो खाली बसला. आणि जे कोणालाच सांगितलं नव्हतं ते बोलू लागला.

कूलर करंट मारायचा. हिमानीने, त्याच्या बायकोने, त्याला सांगितलं होतं. प्लगची अर्थिंगची पिन तुटली होती. हा म्हणाला, चप्पल घालून पाणी भरत जा. त्या दिवशी हिमानी बाजारात होती. हा आतल्या खोलीतून आला तर काका कूलरला चिकटलेले. याने प्लग ओढला, तेव्हा ते पडले. शेजारी जमले. कोणीतरी म्हणालं, ऊन लागलं.

"मी हो म्हटलं, ताई. फक्त हो."

"तुले हिमानीले सांगावंसं नाही वाटलं?"

"रोज वाटलं."

मी वर पाहिलं.

दारात हिमानी उभी होती. आत झोपली होती, आमच्या बोलण्याने उठली असावी. सगळं ऐकलं होतं तिने.

तिने रजतकडे बघितलंच नाही. सरळ त्या रिकाम्या जागेत गेली. बोर्डाखालच्या भिंतीवर तळवा ठेवला.

"बाबा..."

माझ्या हातातल्या मीटरवरचा आकडा हलला.

०.३०.

दुप्पट!

रजतने ते पाहिलं. "हिमानी, हात काढ!"

"सुटून नाही राहिला."

"काढ म्हणतो ना!"

"कोणीतरी धरला आहे."

टपटप थांबली होती.

या वेळी ओढायला प्लग नव्हता.

रजत गुडघ्यांवर आला. भिंतीसमोर हात जोडले. "बाबा, माझं चुकलं. तिनं सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही. तिले सोडा... पाया पडतो."

हात सुटला.

मी तिचा तळवा धरला. त्या उकाड्यात तो गारठलेला होता. आणि ओला.

हिमानी संध्याकाळीच सावनेरला माहेरी गेली. निघताना तिने एकच विचारलं, "किती वेळ चिकटून होते?"



रजतने नंतर सगळी वायरिंग बदलून घेतली. काही फरक नाही. मी म्हटलं, घर विकून टाक. तो म्हणाला, "ज्याले विकीन त्याले काय सांगू? आता लपवणं नाही होत माझ्याच्यानं."

तो एकटाच राहतो तिथे.

परवा हिमानीशी फोनवर बोलले. राहवलं नाही, विचारलंच. काका रागावले होते का वं?



"नाही ताई. त्यांनी मले पकडलं नव्हतं. ते स्वतःच सुटाले पाहून राहिले होते."

तेव्हापासून मला झोप नाही. मेनस्विच बंद आहे, कूलर भंगारात गेला, वायरी नवीन आहेत... आणि मीटर अजूनही पॉइंट पंधरा दाखवतो.

आता अजून काय बंद करायचं?